गर्भावस्थेतील सोनोग्राफी शिकताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

गर्भावस्थेतील सोनोग्राफी शिकायला येणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्या आठवड्यापासूनच व्यंग शोधू लागतात. हा उत्साह समजण्यासारखा असला तरी त्यातून फारसे हाती लागत नाही. निरोगी गर्भाच्या डोक्याचा योग्य छेद, म्हणजे ठरावीक प्रतलातले चित्र, ज्याने असंख्य वेळा घेतलेला नाही, त्याला मेंदूतील मोठी दिसणारी पोकळी हा खरा दोष आहे की तिरक्या छेदाचा परिणाम, हे ती पडद्यावर समोर असूनही सांगता येत नाही. मला या कामात जी काही गती आली ती नेहमीचेच छेद पुन्हा पुन्हा घेऊन आली, आणि म्हणून येथे दुर्मीळ आजारांपेक्षा रोजच्या तपासणीबद्दल अधिक लिहीत आहे.

यंत्राबद्दल सुरुवातीला थोडेच पुरते. पोटावरून तपासणी करताना साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा आणि परत टिपणारा, हातात धरायचा भाग) वापरतात. योनीमार्गे करायच्या तपासणीचा प्रोब याहून अधिक वारंवारतेचा असतो, त्यामुळे चित्र स्पष्ट येते पण लहरी फार खोल जात नाहीत. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे असे धरून यंत्र प्रत्येक अंतर मोजते. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये या पद्धतीवरचा पहिला महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला, तेव्हाच्या चित्रांशी आजच्या चित्रांची तुलनाच होऊ शकत नाही. तरीही हाडामागे पडणारी सावली आणि द्रवामागे दिसणारा उजळपणा आजही तसाच आहे. त्या दोन्हींकडे यंत्राचा दोष म्हणून न पाहता माहिती म्हणून पाहायला लवकर शिकावे.

निदानाचा पाया मात्र गर्भाचे वय हाच आहे. वय चुकले तर निरोगी गर्भ खुरटलेला वाटतो आणि खरोखर खुरटलेला गर्भ निरोगी ठरतो. पहिल्या तिमाहीत माथ्यापासून नितंबापर्यंतची लांबी, जिला सगळे सीआरएल म्हणतात, सर्वांत विश्वासार्ह असते. तिच्यावरून काढलेल्या वयात आठवडाभराहून अधिक फरक सहसा पडत नाही, तर शेवटच्या तिमाहीतील मापांवरून काढलेले वय तीन आठवड्यांनीही चुकू शकते. म्हणून पहिल्या तपासणीत निश्चित झालेली प्रसूतीची अपेक्षित तारीख पुढच्या मापांवरून बदलायची नसते. नवीन माणसाला हा मोह फार होतो, कारण यंत्र प्रत्येक वेळी नवी तारीख आपणहून पुढे करते.

याच काळात गर्भ जिवंत आहे की नाही, हा सर्वांत कठीण प्रश्न पुढे येतो. योनीमार्गे केलेल्या तपासणीत सीआरएल ७ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असून ठोके दिसत नसतील, किंवा गर्भकोशाचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर झाला असून आत गर्भ नसेल, तर गर्भ टिकलेला नाही असे मानण्यास आधार असतो, आणि तरीही दुसऱ्या अनुभवी व्यक्तीकडून खात्री करून घेणे योग्य असते. माप याहून लहान असेल तर किमान सात दिवसांनी पुन्हा पाहावे. तो आठवडा त्या स्त्रीला फार जड जातो, पण घाईने दिलेला निकाल मागे घेता येत नाही. गर्भाशय रिकामे दिसत असेल आणि गर्भधारणेची चाचणी होकारार्थी असेल, तर दोन्ही बाजूंचे बीजाशय, त्यांच्या भोवतीचा भाग आणि गर्भाशयामागची जागा पाहिल्याशिवाय प्रोब काढू नये. गर्भाशयाबाहेर, बीजवाहिनीत झालेली गर्भधारणा बहुधा तिथेच सापडते.

सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असताना, म्हणजे ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान, मानेमागील द्रवाची जाडी मोजतात. येथे मिलिमीटरच्या दहाव्या भागालाही महत्त्व असते. गर्भाचा छेद अगदी मध्यरेषेत आला पाहिजे, मान ना वाकलेली ना ताणलेली असावी, डोके आणि छातीचा वरचा भाग यांनी पडदा भरलेला असावा, आणि गर्भाभोवतीचे पातळ आवरण व गर्भाची त्वचा यांतला फरक स्पष्ट दिसला पाहिजे. गर्भ अनुकूल स्थितीत नसेल तर थांबावे, आईला थोडे चालून यायला सांगावे. कशीबशी घेतलेली संख्या पुढे गुणसूत्रदोषाच्या जोखमीच्या गणितात जाते आणि त्या गणिताला ती कशी मिळाली हे कळत नाही.

अठरा ते बावीस आठवड्यांच्या तपासणीला, म्हणजे अ‍ॅनोमली स्कॅनला, मी कायम एकच क्रम ठेवते. आधी गर्भाची स्थिती पाहून त्याची डावी बाजू स्वतः ठरवायची, मगच जठर आणि हृदय एकाच बाजूला आहेत का ते पाहायचे. डोक्यात मेंदूच्या बाजूच्या पोकळ्यांची रुंदी १० मिलिमीटरपेक्षा कमी असावी लागते. त्यानंतर लहान मेंदूकडे यायचे, आणि येथे जरा रेंगाळावे असे मला वाटते. पाठीचा कणा उघडा राहिला असेल तर पाठीच्या कण्याभोवतीचा द्रव बाहेर गळतो, मागचा मेंदू खाली ओढला जातो, लहान मेंदू केळ्यासारखा वाकतो आणि त्याच्या मागची द्रवाची जागा नाहीशी होते. त्यामुळे कण्यातला दोष पुष्कळदा डोक्याच्या छेदात आधी लक्षात येतो. लहान मेंदू व्यवस्थित दिसला की कणा पाहताना हात जरा निवांत चालतो. लहान मेंदू वाकलेला दिसला तर कणा मणक्यागणिक तपासावा.

हृदयापाशी नवीन लोक चार कप्पे दिसले की समाधान मानतात. हृदय छातीच्या साधारण एक तृतीयांश भागात आहे, त्याचा अक्ष डावीकडे सुमारे ४५ अंशांत आहे आणि चारही कप्पे आहेत, एवढ्याने काम संपत नाही. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असताना चार कप्प्यांचे चित्र बहुधा निर्दोषच येते. हा आजार आधी कळला तर हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी प्रसूतीची योजना करता येते आणि जन्मानंतर लगेच उपचार सुरू होतात. म्हणून खालच्या दोन्ही कप्प्यांतून निघणाऱ्या वाहिन्या एकमेकींना छेदतात का आणि वर फुप्फुसाची धमनी, महाधमनी व ऊर्ध्व महाशिरा या क्रमाने लहान होत जाणाऱ्या तीन वाहिन्या रांगेत दिसतात का, हे पाहिलेच पाहिजे. मला हे छेद सहज जमायला बराच काळ लागला, आणि त्यात वावगे काही नाही.

वार (प्लासेंटा) खाली असल्याचे वाटले तर आईचे मूत्राशय भरलेले आहे का, हे आधी विचारावे. भरलेल्या मूत्राशयाच्या दाबाने गर्भाशयाचा खालचा भाग चपटा होतो आणि वार गर्भाशयमुखाला टेकल्याचा आभास होतो. शंका राहिली तर योनीमार्गे मोजावे. ही तपासणी सुरक्षित आहे. वारेची कड गर्भाशयमुखाच्या आतल्या तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असेल तर पुढे पुन्हा तपासणी ठरवावी, कारण गर्भाशय वाढते तशी बहुतेक वेळा वार वर सरकते. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीत वार जुन्या व्रणावर असेल तर ती भिंतीत रुतली आहे का, याकडे वेगळे लक्ष हवे. जुळ्यांमध्ये वार एक की दोन हे १४ आठवड्यांच्या आत नोंदवावे, नंतर ते ठरवणे अवघड होत जाते.

वाढीच्या तपासणीत पोटाचा घेर सर्वांत जास्त फसवतो. छेद गोल हवा, त्यात जठर आणि नाभीशिरेचा यकृतातला भाग दिसावा, मूत्रपिंडे दिसू नयेत. मापे चोख घेतली तरी वजनाच्या अंदाजात १० ते १५ टक्क्यांचा फरक राहतोच. तेव्हा आईवडिलांना वजन सांगताना तो अंदाज आहे हे सांगावे. गर्भ खुरटत असेल तर नाळेतील धमनीचे डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची तपासणी, खरी परिस्थिती सांगते: हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह आधी कमी होतो, मग थांबतो, आणि उलटा वाहू लागला तर प्रसूतीचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. गर्भ श्वासाच्या हालचाली करत असताना हे माप घेऊ नये.

पहिल्या तिमाहीत कारणाशिवाय डॉपलर लावू नये. ठोके मोजायला एम-मोड, म्हणजे एका रेषेवरची हालचाल काळानुसार दाखवणारी पद्धत, पुरतो. पडद्याच्या कोपऱ्यातील टीआय आणि एमआय (लहरींच्या उष्णतेचा आणि यांत्रिक परिणामाचा निर्देशांक) हे दोन आकडे कशासाठी असतात, हे पहिल्याच दिवशी वरिष्ठांना विचारून घ्यावे.

अहवाल लिहिताना 'दिसले नाही' आणि 'निर्दोष आहे' यांत गल्लत होऊ देऊ नये. गर्भ पालथा असल्याने चेहरा पाहता आला नाही, तर तसेच लिहावे आणि पुन्हा बोलवावे. तपासणी चालू असताना आपले गप्प होणे समोरची स्त्री लगेच टिपते. म्हणून मी सुरुवातीलाच सांगून ठेवते की मोजमापे घेताना मी काही वेळ बोलणार नाही आणि शेवटी सगळे दाखवीन. काही वेगळे आढळले तर पडदा वळवून, साध्या शब्दांत, जेवढे निश्चित आहे तेवढेच सांगावे आणि पुढची तपासणी कोणाकडे व कधी होणार हे त्याच बैठकीत ठरवून द्यावे.