कंडेन्सेट लाइनमधली फ्लॅश वाफ : हिशेबातल्या या चुका टाळा

साखर कारखान्यात गाळप जोरात असताना ज्यूस हीटर (उसाचा रस वाफेने तापवणारे यंत्र) तापत नाही, कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) नेणाऱ्या लाइनमध्ये धाडधाड ठोके बसतात, ट्रॅप (वाफ अडवून पाणी पुढे सोडणारी झडप) बदलूनही फरक पडत नाही. ट्रॅपपुढे दाब उतरताच गरम कंडेन्सेटचा काही भाग पुन्हा वाफ होतो, ती फ्लॅश वाफ. अशा वेळी लाइनच्या हिशेबात ऊर्जेचे आणि दाबाचे समीकरण सोपे करताना कोणते पद गाळले ते तपासा.

आधी दाब. उदाहरणार्थ, सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब १.०१३ नव्हे, ०.९५ बारच्या आसपास धरावा. एक्झॉस्ट वाफ (टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ) गेजवर १.५ बार असेल तर हवेचा दाब मिळवून निरपेक्ष दाब २.४५ बार. त्या दाबाला उकळत्या पाण्याची एन्थाल्पी (त्यात सामावलेली एकूण उष्णता) ५३३ किलोज्यूल प्रति किलो, ०.९५ बारला ४११. फरकाला २२६२ या सुप्त उष्णतेने भागा : ५.४ टक्के पाण्याची वाफ होते. ट्रॅपमध्ये एन्थाल्पी बदलत नाही, हे गृहीतक इथे चालते. सुप्त उष्णता मात्र खालच्या दाबाचीच घ्या.

'पाच टक्के तर आहे' म्हणून ही वाफ हिशेबातून गाळणे सर्वांत महागात पडते. वजनाने ५.४ टक्के असलेली वाफ आकारमानाने जवळजवळ ९९ टक्के असते. ताशी १० टन कंडेन्सेट निव्वळ पाणी समजले तर ५० मिमी पाइपात वेग दीड मीटर प्रति सेकंद येतो. वाफ धरून, दोन्हींचा वेग एकच मानला तर १३६! गतिज ऊर्जा प्रति किलो ९ किलोज्यूलवर जाते. प्रत्यक्षात घर्षणाने लाइनमधला दाब चढतो, प्रवाह तुंबू शकतो आणि हीटरमध्ये पाणी साचते. १५० मिमी पाइपात वेग १५ वर येतो, तिथे गतिज ऊर्जा खुशाल गाळा.

वाफ आणि पाणी एकाच वेगाने धावतात, हे गृहीतक उभ्या पाइपात फसवते : वाफ पुढे पळते, पाणी मागे रेंगाळते. झिवीच्या सूत्राने (वाफ-पाण्याच्या मिश्र प्रवाहाचे सूत्र) वाफ आणि पाणी यांच्या वेगांचे गुणोत्तर पाणी आणि वाफ यांच्या घनतांच्या गुणोत्तराचे घनमूळ, म्हणजे इथे सुमारे १२. मिश्रणाची घनता १०.४ वरून १०६ किलो प्रति घनमीटर होते. ५ मीटर चढाचा दाब ५१० पास्कलऐवजी ५२०० पास्कल. उंचीची ऊर्जा मीटरमागे जेमतेम ९.८१ ज्यूल प्रति किलो, म्हणून ऊर्जेच्या समीकरणातून ती काढली तरी बिघडत नाही. दाबाच्या समीकरणातून काढू नका. शक्य असेल तर चढच टाळा : कंडेन्सेट आधी वाफ वेगळी करणाऱ्या फ्लॅश टाकीत सोडून पाणी पंपाने वर न्या.

शंका असेल तर ट्रॅपच्या पुढे गेज बसवा. तो ०.५ बार दाखवत असेल तर तिथे वाफ ३.१ टक्केच होते. उरलेली पुढे, दाब उतरेल तशी. म्हणून लाइनचे तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशेब त्याच्या दाबाला करा.