जुनं ड्रेस वॉच ऑनलाइन घेताना: आधी डायल, मग केस, मग मशीन

१९५० ते १९७० या काळातलं ओमेगा, लॉन्जिन्स, आयडब्ल्यूसी किंवा पातेक फिलिपचं ड्रेस वॉच म्हणजे साधारण ३२ ते ३६ मिलिमीटरचं पातळ घड्याळ. दोन-तीन काटे, कातडी पट्टा, शर्टाच्या कफखाली सहज सरकणारं. मुंबईत बसून ऑनलाइन डीलरकडून ते घ्यायचं, तर हातात असतात दहा-बारा फोटो आणि चार ओळींची माहिती. एवढ्यावर लाखभर किंवा त्याहून जास्त रुपये मोजायचे असतील तर तपासणीचा क्रम पक्का हवा.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘चालू आहे ना?’ तो खरं तर शेवटचा असायला हवा. बंद मशीन चांगला कारागीर चालू करतो, तुटलेली स्प्रिंग बदलता येते, काच तर अगदी किरकोळ गोष्ट. पण डायल एकदा खरवडून पुन्हा रंगवली की मूळ डायल कायमची गेली. केस, म्हणजे घड्याळाचं धातूचं कवच, घासून गुळगुळीत केली की गेलेला धातू परत येत नाही. जे परत आणता येत नाही ते आधी तपासा.

डायल

जाहिरातीतल्या फोटोंवर भागवू नका, स्वतःचे फोटो मागा. काटे सव्वानऊवर लावून अगदी समोरून काढलेला एक फोटो हवा. त्या वेळेला दोन्ही काटे आडवे असतात, त्यामुळे बाराखालचं नाव आणि सहाच्या आसपासची अक्षरं पूर्ण मोकळी दिसतात. दुसरा फोटो खिडकीच्या उजेडात तिरका, फ्लॅश न वापरता. महागडं घड्याळ असेल आणि डीलरकडे स्वतःचा कारागीर असेल, तर काच काढून एक फोटो मागायलाही संकोच करू नका.

आता फोटो मोठा करून सहाच्या खाली बघा. ‘स्विस मेड’ किंवा नुसतं ‘स्विस’ ही अक्षरं डायलच्या अगदी कडेला असतात. रंगवलेल्या डायलवर ती बरेचदा गायब असतात, फार वर सरकलेली असतात, नाहीतर मिनिटांच्या रेषांवर चढलेली असतात. मग मिनिटांच्या रेषा. तासाची प्रत्येक पट्टी तिच्या मिनिटाच्या रेषेच्या बरोबर समोर आली पाहिजे. एक-दोन ठिकाणी केसभर जरी सरकलेली दिसली, तरी डायल पुन्हा छापलेली असण्याची शक्यता मोठी. मूळ छपाईची शाई दाट असते आणि अक्षरांच्या कडा धारदार असतात. नवी छपाई बहुधा पातळ, कुठे जाड कुठे बारीक, किंचित फुटलेली. बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या बुडाशी रंग साचलेला दिसला, किंवा सेकंदाच्या छोट्या डायलमधल्या बारीक गोल रेषा रंगाने भरून गेल्या असतील, तर संशय उरत नाही. डायलच्या कडेला एखादी छोटी खाच दिसली तर तीही बघून ठेवा. रंगवणारे कारागीर छपाई सरळ बसावी म्हणून अशी खाच पाडतात.

हे सगळं मुंबईकराने जास्त बारकाईने बघायला हवं. आपल्या शहरात डायल रंगवण्याचा धंदा जुना आहे आणि ‘अगदी नव्यासारखं’ दिसलं पाहिजे ही गिऱ्हाइकाची हौसही जुनीच. लाल, निळ्या, भडक हिरव्या डायली लावून इथून बाहेर गेलेल्या फाव्र-ल्यूबा, एचएमटी वगैरे घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. साठ वर्षांचं घड्याळ साठ वर्षांचं दिसणं ही उणीव नव्हे. पांढऱ्या डायलला सगळीकडे सारखी आलेली सायीसारखी झाक चांगलीच. वाईट असतात ते काळे ठिपके आणि काट्यांच्या बुडाशी धरलेला हिरवा थर. आत ओल शिरल्याची ती खूण, आणि जिथे डायलला ओल लागली तिथे आतल्या पोलादी भागांना गंजही असू शकतो.

डीलरला लेखी एकच प्रश्न विचारा: ‘डायल मूळ आहे का, आणि कधी रिफिनिश झाली आहे का?’ ‘माझ्या माहितीप्रमाणे ओरिजिनल’ हे उत्तर धरायचं नाही. ‘फुल्ली रिस्टोअर्ड’ किंवा ‘मिंट, रीफर्बिश्ड’ असं लिहिलं असेल, तर डायल रंगवलेलीच समजा. रंगवलेल्या डायलचं घड्याळ घेऊच नये असं मुळीच नाही. रोज घालायला ते छान असतं. फक्त त्याला मूळ डायलचा भाव देऊ नका.

केस आणि सोनं

समोरून केस फारसं काही सांगत नाही. लगचे, म्हणजे पट्टा अडकवायच्या चार पायांचे, बाजूने आणि मागून फोटो मागा. जिथे दोन पृष्ठभाग मिळतात तिथली धार टोकदार असेल तर पॉलिश कमी झालेलं आहे. चारही लग साबणाच्या वडीसारखे गोलसर झाले असतील तर केस अनेकदा घासली गेली आहे.

सोन्याच्या स्विस घड्याळावर बारीक शिक्के असतात. १९९५ पर्यंत १८ कॅरेटसाठी हेल्व्हेशिया या स्त्रीचं डोकं आणि १४ कॅरेटसाठी खार. त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं. सोबत ०.७५० किंवा ०.५८५ असा आकडा. शिक्का अर्धवट पुसलेला असेल, तर केसवरून किती धातू घासला गेला त्याचा तो पुरावाच. ‘प्लाके ओर’, ‘२० मायक्रॉन’, ‘गोल्ड फिल्ड’ यांपैकी काहीही कोरलेलं असेल तर ते मुलाम्याचं. मागच्या झाकणावर फ्रेंचमध्ये ‘फों आसिए इनॉक्सिदाब्ल’ असेल तर झाकण स्टीलचं आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेली मस्ट द कार्तिए ही घड्याळं चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली आहेत. आत ९२५ कोरलेलं असतं. जाहिरातीत मात्र ती सर्रास ‘गोल्ड कार्तिए’ म्हणून येतात.

डीलर वजन सांगतो तेव्हा ते मशीन, काच आणि बकलसकट असतं. नुसत्या केसचं वजन विचारा. १८ कॅरेटची केस १० ग्रॅम भरली तर त्यात शुद्ध सोनं साडेसात ग्रॅम. घड्याळाची किंमत सोन्यावर ठरत नाही, पण सोन्याच्या आजच्या भावाने हिशेब मांडलात की किमतीचा तळ कळतो. सोन्याचं सांगून त्या तळाच्याही खाली देऊ केलेलं घड्याळ सोन्याचं नसतं, किंवा विकणाऱ्याचं नसतं.

मशीन

उघड्या मशीनचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. या दोन फोटोंवरून कळतं की केस आणि मशीन मुळात एकाच घड्याळाचे आहेत का.

ओमेगाचं उदाहरण घ्या. १९६० च्या दशकातल्या कॉन्स्टलेशन मॉडेलच्या झाकणात १६८.००५ असा नंबर असेल, तर १६८ चा अर्थ तारखेचं, ऑटोमॅटिक, क्रोनोमीटर दर्जाचं (अचूकतेच्या चाचणीत उतरलेलं) पुरुषांचं घड्याळ. मशीन ५६१ किंवा ५६४ या नंबरचं निघालं पाहिजे, आणि त्यावर पाच स्थितींत जुळवल्याचा मजकूर कोरलेला हवा. आत ५६२ किंवा ५६५ निघालं, तर कुणीतरी क्रोनोमीटर नसलेलं मशीन बसवलं आहे. ५५१ किंवा ५५२ असेल तर त्याला तारीखच नसते. हे नंबर मशीनवर ठळक छापलेले असतात, दोन मिनिटांचं काम आहे. दुसऱ्या कंपनीचं घड्याळ असेल तर आधी त्या मॉडेलला कोणतं कॅलिबर, म्हणजे कोणत्या नंबरचं मशीन, येत होतं ते शोधा आणि मगच फोटो बघा.

मशीनवर स्क्रूंची डोकी बघा. कडा तुटलेल्या असतील तर बेफिकीर हातांनी काम झालंय. चावीच्या दांड्यापाशी तपकिरी डाग म्हणजे क्राऊनमधून (चावी द्यायच्या बाजूच्या घुंडीतून) पाणी शिरलं होतं.

मग टाइमग्राफरचा, म्हणजे टिकटिक ऐकून मशीनची चाल मोजणाऱ्या यंत्राचा, व्हिडिओ मागा. पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून, अॅम्प्लिट्यूड (मागेपुढे झुलणारं बॅलन्स चाक किती अंश फिरतं ते) २७० अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. बीट एरर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्या वेळेतला फरक, एक मिलिसेकंदाच्या आत हवी. दिवसाला १५-२० सेकंद पुढेमागे ही या वयाला तक्रारीची गोष्ट नव्हे. यंत्रावर लिफ्ट अँगल (अॅम्प्लिट्यूड काढायला लागणारा, मशीननुसार बदलणारा कोन) किती लावला होता ते विचारा. बऱ्याच टाइमग्राफरवर तो मुळात ५२ असतो आणि ओमेगाच्या या मशीनला ४९ लागतो. ५२ वरच ठेवला तर अॅम्प्लिट्यूड खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. ‘नुकतंच सर्व्हिस केलंय’ याला अर्थ तेव्हाच, जेव्हा तारीख आणि काय बदललं ते बिलावर असतं.

पातेक फिलिप किंवा लॉन्जिन्ससारख्या कंपन्या नंबरवरून जुन्या नोंदींचा उतारा देतात. तो जरूर मागवा, पण त्यातून कळतं ते कारखान्यातून काय बाहेर पडलं एवढंच. आज समोर असलेली डायल तीच आहे याची ग्वाही तो देत नाही.

डीलर आणि पैसे

बिलावर काय हवं: मॉडेल, मशीनचा आणि केसचा नंबर, धातू, डायलबद्दल डीलरने दिलेलं उत्तर, आणि परतीची मुदत. परतीच्या अटींमध्ये एक वाक्य नीट वाचा: बाहेरच्या कारागिराने झाकण उघडलं तर परती बंद, असं कुठे आहे का? असेल तर तुमच्या कारागिराला मुदतीत एकदा झाकण उघडून बघू देण्याची लेखी परवानगी आधीच घ्या. नाहीतर ती मुदत कागदावरच राहते.

पैसे क्रेडिट कार्डाने द्या, किंवा घड्याळ हातात येईपर्यंत रक्कम मध्ये धरून ठेवणाऱ्या प्लॅटफॉर्ममार्फत. अनोळखी डीलरला थेट खात्यात किंवा यूपीआयने पूर्ण रक्कम पाठवू नका. डीलर म्हणाला, ‘प्लॅटफॉर्मबाहेर घ्या, पाच टक्के कमी करतो’, तर त्या पाच टक्क्यांत तुमचं संरक्षण जातं. देशातच १० लाखांपुढचं घड्याळ घेत असाल, तर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता किमतीवर १ टक्का टीसीएस (गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर) घेतो, हेही लक्षात असू द्या.

परदेशातून मागवण्याआधी थांबा. आपल्या परकीय व्यापार धोरणात भांडवली सामान सोडून बाकी वापरलेल्या वस्तूंची आयात ‘रिस्ट्रिक्टेड’ गटात येते, म्हणजे परवानगी लागते. त्यामुळे जुनं घड्याळ कस्टम्समध्ये अडकू शकतं. पैसे भरण्याआधी कस्टम्स एजंटकडून शुल्काचा आणि परवानगीचा लेखी खुलासा घ्या. पार्सलवर ‘गिफ्ट’ किंवा कमी किंमत लिहायला डीलर तयार असेल तर नाही म्हणा. हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीचाच मिळतो, आणि सापडलं तर चूक तुमच्या नावावर. मगरीच्या कातड्याचा पट्टा आधीच काढून घ्यायला सांगा. अशा कातड्याला साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वेगळा परवाना लागतो आणि नुसत्या पट्ट्यापायी अख्खं पार्सल अडकतं. दुबईहून येणाऱ्या नातेवाइकाच्या मनगटावर घालून सहार विमानतळाच्या ग्रीन चॅनेलमधून (शुल्काचं काही नसलेल्यांच्या वाटेने) काढायचा सल्ला देणारे भेटतील. ते करू नका, घड्याळ जप्त होऊ शकतं. बिल सोबत ठेवून रेड चॅनेलने, म्हणजे कस्टम्सला घड्याळ दाखवून, या. पहिलंच जुनं घड्याळ घेणाऱ्याने देशातल्या डीलरकडून घ्यावं, हे आमचं स्पष्ट मत.

पार्सल आल्यावर

खोक्याच्या सगळ्या बाजू दाखवून, न थांबवता व्हिडिओ काढत उघडा. आधी काच, लग, डायल फोटोंशी ताडून बघा, नंबर बिलाशी. मग चावी द्या, हलक्या हाताने. अडखळलं तर जोर लावू नका. पूर्ण चावी देऊन २४ तास डायल वर ठेवून, पुढचे २४ तास क्राऊन खाली ठेवून फरक लिहून ठेवा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर बॅलन्सच्या टोकांची झीज किंवा हेअरस्प्रिंगचा (त्या चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचा) दोष असू शकतो. एकाएकी दिवसाला काही मिनिटं पुढे धावू लागलं तर बहुतेक वेळा चुंबकत्व असतं. मोबाइल कव्हरचं मॅग्नेट, पर्सचं बटण एवढंही पुरतं. कारागीर डिमॅग्नेटायझरवर ते क्षणात काढतो.

कारागीर घड्याळ घेण्याआधीच ठरवून ठेवा, आणि त्याला कॅलिबर नंबर सांगून विचारा की या मशीनचे सुटे भाग मिळतात का. फोर्ट, दादर भागात जुन्या यांत्रिक घड्याळांवर हात बसलेली माणसं अजून आहेत. त्यांना एक गोष्ट बजावून सांगा: डायलला हात लावायचा नाही आणि केसला पॉलिश नाही. न सांगितल्यास ‘चमकवून देतो’ हे आपुलकीनेच होतं.

या घड्याळांची झाकणं बहुतेक नुसती दाबून बसवलेली असतात, पाणी अडवणारं रबर नसतं किंवा कडक झालेलं असतं. जून ते सप्टेंबर बाहेर घालू नका. गर्दीच्या लोकलमधला घामही क्राऊनमधून आत जातो. हवाबंद डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुडीसोबत ठेवा, दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदला. चावीचं घड्याळ मनगटावरून काढून चावी द्या, म्हणजे दांड्यावर तिरका ताण येत नाही. घराच्या विम्यात घड्याळ आपोआप धरलं जाईल असं गृहीत धरू नका. नंबर, बिल आणि फोटो देऊन ते मौल्यवान वस्तूंच्या यादीत वेगळं लिहून घ्या.