रातांबे, करवंदं, ओले काजूगर: रानमेवा टिकवताना या चुका टाळा

कोकणातला रानमेवा घरात आल्यावर वाया जातो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी: मीठ घालताना आखडलेला हात आणि कुठेतरी राहून गेलेलं पाणी. बाकीच्या चुका सुधारता येतात, या दोन सहसा नाहीत.

रातांब्यांचंच, म्हणजे कोकमाच्या फळांचंच बघा. एप्रिल-मेमध्ये फळं पिकतात आणि मृगाचा पाऊस डोक्यावर असतो, म्हणून घाई होते. फळं धुतली की तशीच ओली कापायला घेतात, इथेच पहिली गडबड. धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. झाडाखाली पडून फुटलेली फळं वेगळी काढा, ती बरणीत जाता कामा नयेत. फोडल्यावर साल एकीकडे, गर आणि बिया दुसरीकडे. गराला मीठ लावून ठेवलं की रस सुटतो. त्या खारट रसात साली बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. असे चार-पाच हात झाले की आमसुलाला, म्हणजे या वाळवलेल्या सालीला, तो काळपट लाल रंग आणि मऊपणा येतो. एकदाच बुडवून कडकडीत वाळवलेलं आमसूल आमटीत रंगही सोडत नाही आणि आंबटपणाही. बिया टाकू नका, धुऊन वाळवल्या तर त्यांचं कोकमतेल निघतं आणि टाचांच्या भेगांना त्यासारखं दुसरं काही नाही.

आभाळ भरून आलेलं असताना आमसुलं घालायला घेऊच नका. अर्धवट वाळलेली साल दोन दिवस घरात पडली की तिला बुरशी धरते. अशा वेळी त्याच रातांब्यांचं आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस, करावं, त्याला उन्हाची गरज नाही. रसाला मीठ मात्र भरपूर हवं, लिटरमागे साधारण 150 ग्रॅम. हल्ली रक्तदाबाच्या धास्तीने बरणीतलंच मीठ कमी करतात आणि काही दिवसांत आगळ फसफसायला लागतं. त्यापेक्षा मीठ नेहमीइतकं घाला आणि सोलकढीत वरून मीठ घालणं बंद करा. अमृत कोकमाचं, म्हणजे साखरेत मुरवलेल्या सालींच्या सरबताचंही तेच: एक किलो सालींना दोन किलो साखर लागते. साखर कमी घातलीत तर ते फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावं लागेल.

साठवणीतल्या आमसुलांवर पांढरं दिसलं म्हणून घाबरून सगळी फेकू नका. कणीदार, पाण्यात विरघळणारं असेल तर ते वर आलेलं मीठ आहे. केसाळ किंवा हिरवट असेल, कुबट वास येत असेल, तर ती बुरशी. मग वरवर पुसून वापरण्याचा मोह नको, सगळीच टाका.

भांड्यांकडे फार कमी लोक लक्ष देतात, त्याचं मला वाईट वाटतं. कोकमाचं आम्ल अ‍ॅल्युमिनियमशी आणि कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेशी भिडतं, चव बिघडते आणि धातू पोटात जातो. कढी स्टीलच्या पातेल्यात करायला हरकत नाही, पण आगळ साठवायला काच किंवा चिनीमातीचीच बरणी. सोलकढी फाटते तीही याच आम्लामुळे: नारळाच्या दुधात आगळ घातल्यावर ती गॅसवर चढवायची नसते.

करवंदांचं दुखणं म्हणजे चीक. लोणच्यासाठी हिरवी, टणक करवंदं देठ काढून मिठाच्या पाण्यात ठेवा, चीक सुटला की दोन पाण्यांनी धुवा आणि मग पूर्ण सुकवा. हे सुकवणं टाळलं तर लोणच्याला वर पांढरी साय येते. कापण्याआधी हाताला आणि सुरीला खोबरेल लावलं की चीक चिकटत नाही.

ओल्या काजूबियांचा चीक मात्र नुसता चिकट नाही, तो कातडी भाजून काढतो. बिया फोडताना खोबरेल चोपडा किंवा हातमोजे घाला, मुलांना जवळ बसवू नका आणि त्याच हाताने डोळ्याला स्पर्श करू नका. गर निघाले की गरम पाण्यात थोडा वेळ ठेवले तर वरची साल सहज सुटते. फोडायची सुरी उसळीच्या भाजीला वापरायची नाही.

माशांच्या कालवणात मसाला म्हणून घालतात ती तिरफळं वाळल्यावर उघडतात, तेव्हा आतली काळी बी काढून टाका, वापरायचं ते टरफल. ती मसाल्यात वाटू नका, बांगड्याचं तिखलं (तिखट कालवण) तिखट-कडू होऊन बसतं. पाच-सहा तिरफळं नुसती ठेचून थोड्या पाण्यासकट शेवटाकडे घाला.

आणि रानात शिरलात तर ओळख पक्की असल्याशिवाय काहीही पिशवीत टाकू नका. कोकणच्या रानातच काजरा वाढतो. त्याची नारिंगी फळं मुलांना भुरळ घालतात आणि आतल्या बिया जीवघेण्या विषारी असतात. शहरातून सुट्टीला आलेल्या मुलांना झाड दाखवून हे आधीच सांगा.