साताऱ्यात ऑफ-रोड गाडीसाठी परवडणारे टायर कसे शोधावेत

बामणोलीच्या उतारावर किंवा माणच्या मुरमाड वाटांवर गाडी नेणाऱ्याला टायरचा खर्च चुकत नाही; मात्र त्यातला बराचसा खर्च हौसेपोटी वाढलेला असतो. म्हणून दुकानात भाव विचारण्यापूर्वी आपली गाडी महिन्यातून किती दिवस खरोखर डांबर सोडते, याचा हिशेब करावा. जी गाडी आठवडाभर पुणे-बंगळूर महामार्गावर धावते आणि रविवारी घाट चढते, तिला एटी, म्हणजे ऑल-टेरेन टायर पुरेसा होतो. रबराच्या मोठ्या ठोकळ्यांचा एमटी, म्हणजे मड-टेरेन टायर भाताच्या खाचरातल्या चिखलात उपयोगी पडतो, पण डांबरावर तो घोंगावतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. शिवाय त्याची किंमतही अधिक असते. (कासच्या पठारावर मात्र कोणताही टायर नेऊ नये, तिथली फुले रस्त्यावरूनच पाहावीत.)

दुसरा प्रश्न मापाचा. बोलेरोला २१५/७५ आर १५ हे माप येते (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि डिस्कचा, म्हणजे रिमचा, व्यास इंचांत) आणि पुष्कळांना त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसवण्याचा मोह होतो. पहिल्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा सुमारे ७३३ मिलिमीटर भरतो, म्हणजे फरक चार टक्क्यांहून थोडा अधिक पडतो. त्यामुळे काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टच्या आसपास धावत असते, इंजिन व ब्रेकवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासण्याची शक्यता असते. मूळ माप राखण्यात आणखी एक फायदा आहे: ते माप अनेक कंपन्या बनवत असल्याने सातारा, कराड आणि कोल्हापूर या तिन्ही ठिकाणचे भाव विचारून घासाघीस करता येते. भाव विचारताना जीएसटी, फिटिंग, बॅलन्सिंग आणि जुन्या टायरची वजावट धरून एकच आकडा मागावा. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावरचा दरही पाहून घ्यावा.

खरी बचत मात्र ‘उतरवलेल्या’ टायरमध्ये आहे. नवी थार घेणारे काही हौशी लोक शोरूममधून बाहेर पडताच कंपनीचे २५५/६५ आर १८ मापाचे टायर उतरवून आणखी रुंद टायर बसवतात आणि काही किलोमीटरच चाललेला तो संच दुकानदाराकडे राहतो. आपली गाडी त्याच मापाची असेल, तर पुणे किंवा कोल्हापूरमधल्या ॲक्सेसरीज बसवणाऱ्या दोन-तीन दुकानांत आपला नंबर देऊन ठेवावा. डिस्कचे माप वेगळे असेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी हा संच आपल्या कामाचा नाही.

वापरलेला टायर घेताना घाई करू नये. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे. हा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो आणि पुष्कळदा तीच बाजू आत बसवलेली असते. मी एकदा नक्षी खोल पाहून चार टायर घेतले. दुकानदार ‘दोन वर्षांचे आहेत’ म्हणाला आणि मी तारीख पाहिली नाही. यवतेश्वर घाटात एकाच्या बाजूला फुगा आला, तेव्हा गाडीखाली आडवे होऊन टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर टायर सात वर्षांपूर्वीचा निघाला. तेव्हापासून मी टायर डिस्कवरून उतरवल्याशिवाय पैसे देत नाही: आतून हात फिरवून पॅच शोधतो, बाजू दाबून बारीक भेगा दिसतात का ते पाहतो आणि बाजूला पंक्चर काढलेला टायर सरळ परत करतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत उरली तरी चालते असे नियम सांगतो. चिखलासाठी ती त्याच्या कितीतरी आधी निकामी झालेली असते. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर ट्रकच्या मागच्या चाकांना चालत असेल, आपल्या गाडीला तो घेऊ नये.

फोर-बाय-फोर गाडीत दोन नवे आणि दोन गुळगुळीत टायर अशी जोडणीही महागात पडते, कारण व्यासातल्या फरकाचा ताण गिअरबॉक्सच्या बाजूच्या, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. चारही एकदम परवडत नसतील, तर स्टेपनीसह पाचही टायर दर आठ-दहा हजार किलोमीटरला आलटून पालटून फिरवावेत, म्हणजे सगळे सारखे झिजतात आणि पुढची खरेदी लांबते. टायर बसवल्यावर व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावी आणि प्रत्येक टायरचा डीओटी क्रमांक दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावा.