जुनी मर्सिडीज १२४ दुरुस्त करून परत उभी करताय? मग या चुका टाळा

गेल्या महिन्यात परत एक फोन आला. नाशिकच्या पाथर्डी फाट्याचा मुलगा, नुकतीच १९९६ ची ई-२२० घेतलीय, म्हणजे १२४ चंच पेट्रोल मॉडेल, आणि पहिला प्रश्न काय, तर "काका, कलर कुठे चांगला मारून मिळेल?" मी विचारलं रेडिएटरमध्ये काय भरलंय, तर म्हणे पाणीच असेल. ब्रेक ऑइल कधी बदललं, माहीत नाही. टायर कधीचे, तर दिसायला नवे आहेत. आणि कलरचं मात्र शेडसकट ठरलेलं. हे इतक्या वेळा झालंय की आता एकदा लिहूनच टाकतो.

ही १२४ म्हणजे मर्सिडीजने भारतात बनवलेली पहिली गाडी, १९९५ पासून पुण्यात जोडायला लागले. तेव्हा कारखानदार, मोठे डॉक्टर, अशा लोकांकडेच असायची. आता तीच गाडी साध्या सेकंड हँड हॅचबॅकच्या भावात मिळून जाते म्हणून पोरं घेतात, पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिची कामं काही स्वस्त झाली नाहीत, आणि घाई केली तर तेच काम दोनदा करावं लागतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कुलंटला (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याला) रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकणं. गाडी तापते ना, मग काढा थर्मोस्टॅट, गार राहील. आपल्याकडे निम्म्या गॅरेजमध्ये हा उपाय अजून चालतो. माझ्याच गाडीचं सांगतो. २०१९ ला मी ई-२२० घेतली, गंगापूर रोडला घराजवळ फिरवली, तापमानाचा काटा ८० च्या खालीच राहायचा, मला वाटलं वा, कूलिंग एकदम मस्त आहे. मे महिन्यात ठाण्याला लग्नाला गेलो, येताना दुपारची वेळ, चार माणसं, एसी चालू, आणि कसारा घाटात पुढे कंटेनरची रांग लागलेली. दुसऱ्या-तिसऱ्या वळणापर्यंत काटा शंभरच्या पुढे, एसी बंद केला, हीटर फुल सोडला, तरी चढतोच आहे, बाजूला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफ. गाडी टो करून नाशिकला आणली, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवलं तर त्याखालचं गॅस्केट, म्हणजे पॅकिंग, उडालेलं, हेड बेंड. अंबडला फेसिंग मारून हेड सपाट करून घेतलं, गॅस्केट, मजुरी सगळं धरून ६८ हजार. आणि थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत काहीच नाही, रिकामं. आधीच्या मालकाच्या मिस्त्रीने कधीतरी काढून फेकलेला. मीही घेताना उघडून बघितलं नव्हतं, ती चूक माझी.

आता असं का होतं ते नीट समजून घ्या. या इंजिनात थर्मोस्टॅट एकाच वेळी दोन वाटा सांभाळतो. इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद आणि बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून परत इंजिनात जाणारी, उघडी. तापलं की रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी मागची तबकडी बायपास बंद करते. तो काढलात की दोन्ही वाटा कायमच्या उघड्या, म्हणजे गरम कुलंटचा एक भाग रेडिएटरला न जाताच परत इंजिनात शिरतो. सपाटीवर खपून जातं, घाटात लोड आला की खपत नाही. आणि डिसेंबरात, निफाडकडे सकाळी थंडीने हात आखडतात तेव्हा, इंजिन नीट गरमच होत नाही, कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं.

गाडी तापत होती तर त्याचं कारण शोधायला हवं होतं. माझ्या गाडीत दोन कारणं निघाली, पंख्याचा व्हिस्कस क्लच (गरम झालं की पंखा जोरात फिरवणारा) मेलेला आणि रेडिएटर अर्धा चोंदलेला, कारण वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलेलं. रेडिएटर खोलला तेव्हा आत नळ्यांच्या तोंडाशी गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरट-तपकिरी क्षाराचा थर, स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तर खपल्या निघत होत्या. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, एवढंच आत जाऊ द्या. रस्त्यात अडचण आली म्हणून साधं पाणी टाकलं तर घरी आल्यावर सगळं काढून परत भरा.

थर्मोस्टॅट नवा आणला तरी मी तो आधी घरी तपासतो, ही माझी सवय आहे. जुन्या पातेल्यात पाणी घ्यायचं, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लटकवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर, खाली बारीक गॅस. ८७ अंश लिहिलेला असेल तर त्याच्या आसपास तबकडी हळूच सुटताना दिसते, आधी केसाएवढी फट, आणि उकळी फुटेपर्यंत चांगली उघडते. गॅस बंद केला की परत बसते. एकदा नव्या पाकिटातला उकळत्या पाण्यातही हलला नाही, तो लावला असता तर परत कसारा.

दुसरी चूक कलरची. कलर शेवटी. शेवटी म्हणजे शेवटीच. या गाडीच्या बाजूला खाली जे प्लास्टिकचे पट्टे आहेत ना, ते काढल्याशिवाय पत्र्याची खरी हालत कळत नाही. जॅक लावायच्या चार जागांना बुच असतात, ते काढून बोट घालून बघा, माती आणि गंजाचा भुगा हाताला लागला तर समजून जा. एकाने इथेच शहरात फुल बॉडी कलर करून घेतला, आरशासारखा चमकत होता, आणि पंधरा दिवसांनी पंक्चर काढताना जॅक वर करतोय तर जॅक पत्र्यातून आत. वरून लांबी (पुट्टी) भरून सपाट केलेलं, आत पत्रा नव्हताच. मी चुंबक घेऊन जातो, फडक्यात गुंडाळून, जिथे चिकटत नाही तिथे लांबी आहे. सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, त्यावर प्रायमर, मग पुढचं. आणि डेंटर "जुलैत गाडी द्या, मोकळाच आहे" म्हणाला तरी देऊ नका. आपल्याकडच्या पावसात हवेतली ओल कलरमध्ये बसते, कलर पांढरट पडतो. दिवाळीनंतर द्या, थांबा चार महिने.

वायपरखाली पाणी जायच्या वाटा असतात तिथला पालापाचोळाही काढा, नाहीतर पावसाळ्यात पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि गंज आतून सुरू होतो.

बुश बदलणाऱ्यांसाठी एक. मागच्या प्रत्येक चाकाला पाच आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारे दांडे, आहेत, सगळ्यांच्या सांध्यात रबरी बुश. गाडी रॅम्पवर, चाकं लटकलेली, आणि फिटर तिथेच सगळे बोल्ट करकचून आवळतो. बुशचं रबर आतल्या धातूच्या नळीला चिकटलेलं असतं, ते लटकलेल्या स्थितीत घट्ट झालं की गाडी खाली आल्याबरोबर कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत फाटतं आणि मग ऐकायचं "पार्ट डुप्लिकेट निघाला". बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, दोन-तीनदा दाबून सोडा, आणि चाकांवर वजन असतानाच शेवटचं आवळा. गाडीखाली उतरायचा खड्डा, म्हणजे पिट, असेल तर उत्तम. फिटर वैतागतो, वैतागू दे, मी शेजारी उभा राहून करून घेतो.

बाकीचं थोडक्यात. टायरची नक्षी बघू नका, तारीख बघा, बाजूवर चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा, असे टायर सरळ काढा. १९५/६५ आर १५ ही साइज कुठेही मिळते, कारण सांगू नका. व्हील बोल्ट एअर गनने मारू देऊ नका, ११० न्यूटन मीटर, किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, आणि रबरी ब्रेक होज त्याच दिवशी. १९९३ ते ९५ च्या इंजिन हार्नेसचं, म्हणजे वायरींच्या जुडग्याचं, इन्सुलेशन ठिसूळ होऊन गळतं हे जगभर माहीत आहे, तेव्हा गाडी झटके देत असेल तर सेन्सर बदलत बसण्याआधी वायर हलक्या हाताने वाकवून बघा. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, तीस वर्षांपूर्वीचे पेट्रोलचे होज त्यासाठी बनलेले नाहीत, पहिल्याच महिन्यात सगळे बदला, पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका.

खोललेले नट-बोल्ट मी चिवड्याच्या रिकाम्या डब्यांत ठेवतो, डब्यावर चिकटपट्टी लावून कुठले ते लिहितो, आणि खोलण्याआधी फोटो. जुना पार्ट नवा हातात येईपर्यंत टाकायचा नाही, त्याच्यावर नंबर असतो, तोच नंबर सांगून पार्ट मागवायचा.

आणि पैसे देण्याआधी आरसी. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते, पर्यावरण कर वेगळा. मुंबईच्या नंबरची असेल तर एनओसी आणि जुनं लोन उतरलंय का ते आधी बघा. इंजिन खोलून झाल्यावर चासी नंबरचा घोळ कळाला असे दोघे मला माहीत आहेत, दोन्ही गाड्या अजून कव्हरखाली उभ्या आहेत.

पाथर्डी फाट्याचा मुलगा रविवारी गाडी घेऊन येतोय. कलरचे पैसे बाजूला ठेव म्हणून सांगितलंय. आधी थर्मोस्टॅटचं घर उघडू, मग जॅकचे बुच.