नर्सिंगच्या मुलींना पुरावा शोधायला शिकवताना या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात सर्व्हे करून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळतात आणि खोकतातही. तंबाखूच्या धुळीनं होत असेल का?" प्रश्न फर्स्टक्लास. मी म्हटलं, पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या साइटवर बघ. दोन दिवसांनी चार्ट तयार: तोंडाचा कर्करोग, फुप्फुसाचा कर्करोग. सगळे पेपर बिडी ओढणाऱ्यांचे! वळणाऱ्या बायका त्यात औषधालाही नव्हत्या.

चूक माझी. प्रश्नाची फोड करून न घेता मी तिला थेट कॉम्प्युटरपुढे बसवलं होतं.

आता आधी वहीत, मराठीत लिहायला लावते. कोण? घरी बिड्या वळणाऱ्या बायका. संपर्क कशाशी? तंबाखूची धूळ, शिवाय हाताच्या कातडीतून शिरणारं निकोटिन. तुलना कुणाशी? त्याच वस्तीतल्या, पण बिड्या न वळणाऱ्या बायकांशी. वस्ती तीच हवी, नाहीतर चुलीच्या धुराचा खोकलाही तंबाखूच्या खात्यात जमा होतो. त्रास कोणता? खोकला, दम.

मग इंग्रजी शब्द. इथे स्पेलिंग दगा देतं. बिडी कुणी 'आय'नं लिहितो, कुणी 'डबल ई'नं, तर कुणी मधल्या 'डी'च्या जागी 'आर' घालून 'बिरी' करतो. तिन्ही कंसात घ्या, मध्ये 'ऑर' टाका, आणि कंसाबाहेर 'अँड' लावून कामगार, वळणं, ऑक्युपेशनल एक्स्पोजर (कामातून येणारा संपर्क) हे शब्द आणि त्रासाचा शब्द जोडा. 'ऑर' आणि 'अँड' कॅपिटलमध्येच. काहीच सापडलं नाही तर आधी त्रासाचा शब्द काढून बघा, संपर्काचा नको. एक जरी नेमका पेपर हाती लागला तरी त्याच्या पानावरच्या 'सिमिलर आर्टिकल्स'मधून पुढचे सापडतात.

दुसरी चूक पॉवरलूमवाल्यांच्या बाबतीत होते. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार मुली पाठ करतात आणि सूतगिरणीतले आकडे चादर-टॉवेलच्या कारखान्याला चिकटवतात. सूतगिरणीत सर्वात जास्त धूळ ब्लोरूम (कापूस मोकळा करायचं खातं) आणि कार्डिंगमध्ये (तो पिंजायचं खातं) उडते. मागावर तयार सूत येतं. पेपरमधले कामगार नेमके कोणत्या खात्यातले, हे वाचल्याशिवाय आकडा उचलायचा नाही. कामगाराला मात्र एक प्रश्न जरूर विचारा: सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का?

हवेच्या आकड्यांवर तर वर्गात भांडणं होतात. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत सोलापूर आहे, त्यामुळे प्रोजेक्टला हा विषय हमखास येतो. एकीच्या मोबाईलवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा आकडा, १००, शेजारणीच्या १५० च्या वर, आणि दोघी बरोबर! पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असली की भारतीय मोजपट्टी १०० दाखवते, म्हणजे 'समाधानकारक'. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा १५० ओलांडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी दिलेली पातळी आहे १५. तेव्हा आकड्याशेजारी मोजपट्टीचं नाव लिहा. आणि दमेकरी पोराच्या आईला 'समाधानकारक' एवढंच सांगून घरी पाठवू नका, माझं तरी ठाम मत आहे.

जुन्या नोट्सही तपासा. विषारी रसायनांची माहिती देणारी टॉक्सनेट ही साइट डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली. रसायनांची माहिती आता पबकेमवर बघायची. नुसत्या सारांशावर विसंबणं तर मुरलेल्या सिस्टरही करतात. एकदाच केलेल्या पाहणीत खोकला आणि काम दोन्ही एकत्र दिसतात. आधी काय आलं ते त्यातून कळत नाही. अभ्यास कोणत्या प्रकारचा, हे पेपरच्या 'मेथड्स' या भागात वाचायलाच हवं.

त्या मुलीने चार्ट पुन्हा केला. या वेळी मोजकेच पेपर, पण सगळे वळणाऱ्या बायकांचे. वस्तीत लावला तेव्हा एका मावशींनी खालपासून वरपर्यंत बघितला आणि विचारलं, "तेलुगूत नाही का गं?"

तेलुगू चार्टचं काम सध्या चालू आहे.