बेळगावला निघण्याआधी आजोबांचा फौजी नंबर शोधा

शिरोळपासून चंदगडपर्यंत कितीतरी घरांत एवढंच ठाऊक असतं, की आजोबा ‘पलटणीत होते’. त्यांची सगळी नोकरी उलगडायची असेल तर नुसतं नाव घेऊन बेळगावच्या मराठा सेंटरला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला, जाऊ नका. पाटील, जाधव, कांबळे प्रत्येक भरतीत असायचेच.

आधी घरातली ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), फोटोमागची अक्षरं, सगळं बघा. पदकं सापडली तर कृपा करून घासू नका. त्यांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चकाकीच्या नादात तेच झिजून जातं. पदक उन्हात तिरकं धरा, भिंग लावा आणि एकेक आकडा उतरवून घ्या, मागेपुढे असलेल्या अक्षरांसकट.

आता नंबर वाचा. परमवीरचक्र मिळालेले अब्दुल हमीद (१९६५) यांचा २६३९८८५ आणि कारगिलच्या योगेंद्रसिंह यादवांचा २६९०५७२. दोघेही ग्रेनेडियर्सचे, म्हणून सुरुवात २६ ने. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचा नंबर असाच २७ ने सुरू होतो. पुढं ‘जेसी’ असेल तर आजोबा नायब सुभेदार किंवा त्याच्या वर पोचले होते. मग शिपाई असतानाचा जुना नंबरही हुडका, कारण आधीची वर्षं त्यावरच आहेत. ‘आयसी’ म्हणजे कमिशन मिळालेला अधिकारी.

नंबर चार-पाच आकडीच असेल तर तो बहुधा इंग्रजांच्या काळचा. तेव्हा पलटणींचे नंबर वेगवेगळे चालत, त्यामुळे एकच नंबर दोघांचा असू शकतो. म्हणून पलटण आणि साल सोबत लिहाच. शिवाय १९२२ मध्ये पलटणींची नावं बदलली. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात अडकलेली ११० वी मराठा नंतरच्या कागदांत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन म्हणून येते. राजाराम रायफल्स ही तर कोल्हापूर संस्थानची स्वतःची फौज, तिची चौकशी वेगळी करा.

महायुद्धात कामी आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहा. पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही मिळतं.

आणि सगळेच बेळगावचे नसतात. तोफखान्याचं रेकॉर्ड नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअरांचं) खडकीला. अर्ज कसा लिहायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्या. सोबत नात्याचा पुरावा आणि कागदांच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद घरीच ठेवा.